होळीपर्यंतचे पुस्तक



ग्रंथपालाला करुणेची काय गरज, असे एका मित्राने आम्हाला विचारले. दवाखान्यातल्या नर्सला असावी, शाळेतल्या बाईंना असावी. पुस्तक द्यायचे, तारीख लिहायची, परत घ्यायचे, यात करुणा आली कुठे? तेव्हा तोंडी उत्तर देता आले नाही, म्हणून ही हकिगत.

शहादा तालुक्यातल्या एका लहान वाचनालयात आम्ही देवघेवीच्या टेबलावर बसतो. दोन खोल्या, सात कपाटे आणि हप्त्याहप्त्याने येणारे सरकारी अनुदान. आपल्या वस्तीतली मुले येतात, आसपासच्या पाड्यांवरचीही येतात. दिवाळी झाली की त्यांतली काही आईबापाबरोबर गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, ती होळीला गावी येतात.

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका भिल्ल मुलाने दिवाळीनंतर पुस्तक नेले ते चार महिन्यांनी आणले. वाचनालय भरलेले होते. आम्ही चढ्या आवाजात म्हणालो, "बापाचा माल आहे का? दंड भरायची ऐपत नाही तर पुस्तके नेता कशाला?" मुलाने पुस्तक टेबलावर ठेवले आणि तो गेला. एक अक्षर बोलला नाही.

संध्याकाळी नोंद करताना पुस्तक हातात घेतले. त्याला गुजराती वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते. देताना पाठ सुटलेली होती, हे आम्हाला पक्के आठवत होते. ती पोत्याच्या दोऱ्याने, दाभणाने टाके घालून शिवली होती. ऊसतोडीच्या खोपीत, दिवसभर मोळ्या वाहून झाल्यावर कुणीतरी आमचे पुस्तक दुरुस्त केले होते. आम्ही तारीख तेवढी पाहिली.

भगवान बुद्धांनी राहुलाला केलेला एक उपदेश मज्झिम निकायात आहे. बहुतेकांना तो ठाऊक असेल. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कृतीकडे, शब्दाकडे आणि विचाराकडे पाहावे. करण्याआधी पाहावे, करताना पाहावे आणि केल्यावरही पाहावे, यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय. शब्दाने चूक झाली असेल, तर ती शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यांपुढे उघड करावी आणि पुढे सांभाळावे. विहारात हे आम्ही किती वेळा ऐकले असेल! टेबलावर बसल्यावर मात्र त्याची आठवण राहिली नाही.

मनाला जास्त लागले ते वेगळेच. बडोद्याच्या सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून संस्थानभर मोफत वाचनालयांची चळवळ सुरू केली. आमच्या नवापूरच्या पलीकडचे सोनगड तेव्हा त्याच संस्थानात होते. याच राजाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली अमेरिकेला गेले. आणि 1917 साली त्याच बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली फेकत. राहायला जागा मिळाली नाही. गावोगावी वाचनालये उघडणाऱ्या राज्यात हे घडले. कपाटे उघडली म्हणून माणसाची वागणूक बदलत नाही. दादरला पुस्तकांसाठी घर बांधणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी, आणि टेबलाच्या पलीकडचा मुलगा आमच्यामुळे पुस्तकाला मुकला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्याच्या पाड्यावर गेलो. वडिलांनी खाट टाकली, पाणी दिले. मुलगा घरात होता, बाहेर आला नाही. चूक आमची होती, हे वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "जाऊ द्या सर, पोरगं आहे." आम्ही काय बोललो होतो, ते मुलाने घरी सांगितलेच नव्हते. ते आम्हाला आमच्याच तोंडाने सांगावे लागले.

मुलगा पुन्हा आला नाही. त्याचे कार्ड ड्रॉवरमध्ये आहे.

तेव्हापासून कुलूप लावण्याआधी दहा मिनिटे आम्ही नोंदवही पुढे घेऊन बसतो. एकेका नावावर बोट ठेवून आठवायचे, याच्याशी काय बोललो, कोणत्या आवाजात बोललो. रोज जमते असे नाही. अनुदान लांबले की घरचा ताण आवाजात उतरतो, हे या दहा मिनिटांतच कळले. ज्यांना दिवसभर माणसांना तोंड द्यावे लागते, त्या आमच्या कंडक्टर बांधवांनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी हे करून पाहावे.

समितीपुढे एक गोष्ट मांडली. दंड पुस्तक परत यावे म्हणून असतो, वाचक परत जावा म्हणून नसतो. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे ग्रंथालयशास्त्राचे रंगनाथन 1931 सालीच सांगून गेले. थोडी वादावादी झाली, कोषाध्यक्ष नाराज झाले, पण ठराव झाला. आता ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाला दोन पुस्तके मिळतात आणि परतीच्या रकान्यात आम्ही तारीख लिहीत नाही, "होळी" असे लिहितो. सोबत दाभण आणि दोराही देतो.

गेल्या हंगामात नोंदवहीत सात वेळा "होळी" लिहिले. सहा जणांची पुस्तके आली. सातवी मुलगी अजून तिकडेच आहे, असे तिच्या आजीने सांगितले.