कंपनी गेली, इंजिन राहिलं

मंडळी, मागच्या रविवारी नगरहून पुण्याला निघालो होतो. स्टेशनवर उभा असताना सारखं वाटत होतं की काहीतरी कमी आहे. मग ट्यूब पेटली. धूर! दौंड-मनमाड मार्गावर आता वर तारा आहेत. विजेचं इंजिन येतं आणि गुपचूप निघून जातं.

लहानपणी आजोबा मला महाराष्ट्र एक्सप्रेस दाखवायला आणायचे. गाडी सुटताना पायाखालचा प्लॅटफॉर्म थरथरायचा आणि इंजिनातून काळाकुट्ट लोट वर जायचा. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला वेळ लागतो. तोवर हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं, त्याचा हा धूर. हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आजीला फक्त शर्टावरची काजळी कळायची, आणि ती धुवायला तिलाच लागायची.

ते इंजिन 'आल्को'. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचं डिझाइन, १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. पहिली काही १९६२ मध्ये अमेरिकेहून आली. कराराबरोबर तंत्रज्ञानही मिळालं आणि १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं इंजिन बाहेर पडलं. आता गंमत बघा. त्याच १९६४ मध्ये आल्को कंपनी वर्थिंग्टनने विकत घेतली, आणि १९६९ मध्ये स्केनेक्टडीचा कारखाना कायमचा बंद झाला. बाप गेला आणि मुलगा इकडे नुकता पाच वर्षांचा!

आपण मात्र हे मॉडेल, डब्ल्यूडीएम-२, अडीच हजारांच्या वर बांधलं. पतियाळाच्या कारखान्यात जुनी इंजिनं उघडून, नवा टर्बो वगैरे बसवून ३१०० अश्वशक्तीची केली. पुढच्या डब्ल्यूडीएम-३डी मध्ये ती ३३०० झाली आणि कंट्रोलला मायक्रोप्रोसेसर आला. सगळं त्याच जुन्या ड्रॉइंगच्या पायावर.

आमच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड हातात होता. मागच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टमधलं एक रिपोर्टिंग टूल असंच अडकलं. बनवणारी कंपनी दुसरीने घेतली, दुसरीने सपोर्ट बंद केला, आणि आमच्याकडे फक्त लायसन्स. चार महिने आम्ही सगळं नव्याने लिहीत बसलो, शनिवार-रविवार धरून. तेव्हा १९६२ चा करार करणाऱ्या त्या अनामिक सरकारी बाबूंबद्दल मला फार आदर वाटला. (सरकारी बाबूंबद्दल आदर वाटण्याची ही माझी पहिलीच वेळ, नोंद असावी.)

मालकाचं म्हणाल तर तोही बदलतो. देशात मीटर गेज रूळ उखडले जायला लागले तशी वायडीएम-४ इंजिनं मोकळी झाली. तीही आल्कोच्याच डिझाइनची. मलेशियातही रूळ एक मीटरचेच, म्हणून तिथल्या रेल्वेने त्यातली काही भाड्याने नेली. २०२० च्या जुलैत आपण बांगलादेशला दहा डब्ल्यूडीएम-३डी दिली. तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की या इंजिनांचं २८ वर्षांहून जास्त आयुष्य शिल्लक आहे!

आणि माझं भांडण नेमकं इथेच आहे. वीज आली ते उत्तमच झालं. आयात तेल जाळत बसण्यात काही शहाणपण नाही, आणि धुरासाठी गळा काढणारे आम्ही हौशी लोक रुळाशेजारी राहत नाही. पण नियमाने डिझेल इंजिनचं आयुष्य ३६ वर्षं. २०१० साली बांधलेलं इंजिन २०४६ पर्यंत चालायला हवं. त्याच्यावर तार आली म्हणून ते यार्डात गंजत ठेवणं आणि मग भंगाराच्या भावात काढणं, याला नियोजन म्हणत नाहीत. वाराणसीत दोन डिझेल इंजिनं जोडून १०,००० अश्वशक्तीचं एक विजेचं इंजिन केलं होतं, २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडाही दाखवला. ते पुढे फारसं गेलं नाही. त्यापेक्षा बांगलादेशचा रस्ता मला बरा वाटतो, फक्त नुसतं इंजिन देऊन भागणार नाही. सोबत सुटे भाग हवेत आणि शेडमधली माणसं हवीत, जी आवाजावरून सांगतात की कुठला सिलिंडर मार खातोय. ड्रॉइंग कपाटात राहतं, पण हा कान रिटायर होतो. पुढचा मालक उद्या फोन करेल तेव्हा उचलायला कोणीतरी पाहिजे ना?

बाकी नगरमधून डिझेल पूर्ण गेलेलं नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आष्टीची गाडी सुरू झाली ती डेमू, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बीड जोडलं गेलं तेव्हाही डेमूच. बीडकरांनी कित्येक दशकं वाट पाहिली, आणि गाडी आली ती डिझेलवर. पुढच्या वेळी आजोबांना घेऊन त्या गाडीने बीडला जाऊन यायचं ठरवलंय. आजीने आधीच बजावलंय, पांढरा शर्ट घालायचा नाही.