जुना फिल्टर परत मागा

गाडीची सर्व्हिसिंग हा मोठा विचित्र व्यवहार आहे. वांगी घेताना आपण एकेक दाबून बघतो, कापड घेताना दोन बोटांत चोळून बघतो, मोबाइल तर दुकानातच चालू करून बघतो. गाडी मात्र सकाळी गॅरेजला सोडतो, संध्याकाळी धुतलेली, पुसलेली, डॅशबोर्डला पॉलिश मारलेली परत घेतो आणि सहा-सात हजार रुपये मोजतो. बॉनेटखाली त्या पैशांत नक्की काय झालं, हे आपण पाहिलेलं नसतं. ऑइल खरंच बदललं का? ब्रेक उघडून साफ केले का? एअर फिल्टर नवा टाकला की जुन्यालाच हवा मारून परत बसवलं? बहुतेकांना हे विचारायचं सुचत नाही, आणि ज्यांना सुचतं त्यांना संकोच वाटतो.

माझं म्हणणं सरळ आहे. विचारावं, तपासावं आणि ते उघडपणे, मिस्त्रीच्या समोर करावं. यात कुणाचा अपमान नाही. प्रामाणिक मिस्त्रीचा तर यात फायदाच आहे.

आमच्या सायखेड्याकडे गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. द्राक्षाच्या हंगामात पिकअप रात्री-बेरात्री धावतात, कांदा लासलगाव-पिंपळगावला जातो, ऊस भरलेल्या ट्रॉलीमागे अंधारात अचानक ब्रेक दाबावा लागतो. ब्रेकचं काम बिलात लिहिलंय पण चाक उघडलेलंच नाही, तर तिथे प्रश्न हजार-दोन हजाराचा राहत नाही. पुराचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरलं होतं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल तपासावंच लागतं. पाणी मिसळलं की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं आणि मग ते बदलण्याला पर्याय नसतो. ते काम फक्त कागदावर झालं तर गाडी लगेच बंद पडत नाही. काही महिन्यांनी गिअरबॉक्स आवाज करायला लागतो, आणि तोवर कुणाचं काय चुकलं हे सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात कितीही हुशार माणसानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढे जात नाही. कुणी म्हणत नाही, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ त्याहून चांगलं उदाहरण आमच्या तालुक्यातच आहे. ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आधी मिग विमानं बनली, नंतर सुखोई. विमानाच्या देखभालीचा साधा नियम असा की काम एकानं करायचं, तपासणी दुसऱ्यानं करायची आणि दोघांच्या सह्या कागदावर राहायच्या. पान्हेसुद्धा मोजून घेतात आणि मोजून परत ठेवतात. तिथल्या तंत्रज्ञाला यात कमीपणा वाटत नाही, कारण काम उद्या बोललं गेलं तर तीच सही त्याच्या बाजूनं उभी राहते.

गेल्या वर्षी मामूंची गाडी नाशिकच्या एका मोठ्या वर्कशॉपला द्यायची होती. मोहल्ल्यातलं गॅरेज नव्हे. एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन, सगळं काही. सोडण्याआधी मी एअर फिल्टरच्या कडेला मार्करनं तारीख लिहिली आणि चारही चाकांच्या एकेका नटवरून रिमपर्यंत खडूची बारीक रेघ ओढली. संध्याकाळी बिलात नवा एअर फिल्टर होता, चारही चाकांचं ब्रेक क्लीनिंग होतं. आवारातच बॉनेट उघडलं, तर माझी तारीख जागच्या जागी. मागच्या चाकांवरच्या रेघाही जुळलेल्या. नट खोलून पुन्हा कसला असता तर त्या जुळल्या नसत्या.

सर्व्हिस ॲडव्हायझरचं पहिलं वाक्य होतं, ‘सर, सिस्टीममध्ये तर झालेलं दाखवतंय.’

सिस्टीम बनवणं हेच माझं काम असल्यामुळे मला ते वाक्य विसरता येत नाही. सिस्टीम तेवढंच दाखवते जेवढं कुणीतरी तिच्यात भरलेलं असतं. खूण केली की काम ‘पूर्ण’. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं, त्यात तर सॉफ्टवेअरच असं लिहिलेलं होतं की गाडी चाचणीत आहे हे ओळखून धूर कमी करायचा आणि रस्त्यावर पुन्हा सोडायचा. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होतं. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं गाड्या तपासल्या आणि कंपनीला इथल्याही ३ लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. ते प्रकरण बाहेर आलं, कारण काही संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर न थांबता गाड्या रस्त्यावर चालवून मोजमाप घेतलं.

मामूंच्या बिलातून ती रक्कम वजा झाली, काम समोर करून मिळालं, आवाज कुणीच चढवला नाही. मॅनेजर जाताना हळूच म्हणाला की पोरांवर दिवसाला गाड्या संपवायचं प्रेशर असतं. मला ते खरं वाटलं. अशी लबाडी नेहमी वाईट माणसातूनच येते असं नाही, पुष्कळदा ती पगाराच्या पद्धतीतून येते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक खात्यानं साध्या ग्राहकांसारख्या गाड्या पाठवून सिअर्स या बड्या कंपनीची गॅरेजं तपासली. गरज नसलेली कामं सर्रास गळ्यात मारली जात होती. कारण शोधलं तर तिथे कमिशन आणि ठरवून दिलेलं टार्गेट निघालं. कंपनीला सर्व्हिस ॲडव्हायझरचं कमिशन बंद करावं लागलं. आपल्याकडेही ‘इंजिन फ्लश करून घ्या’, ‘थ्रॉटल बॉडी साफ करू’, ‘अंडरबॉडी कोटिंग लागेल’ हे ऐकताना समोरच्याला महिनाअखेर काय गाठायचंय ते लक्षात ठेवावं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती किलोमीटरला काय करायचं त्याचा तक्ता असतो. तो दहा मिनिटं वाचला तर अर्ध्या सूचनांना ‘आत्ता नको’ म्हणता येतं.

तपासणीला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. गाडी देताना जॉब कार्ड लिहून घ्या आणि वाचून सही करा. ‘जनरल सर्व्हिस’ एवढंच लिहिलं असेल तर त्यात काय काय येतं ते खाली लिहायला सांगा. मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. ‘काढलेले सगळे जुने पार्ट डिकीत ठेवा आणि नव्यांची खोकी पण’ हे वाक्य आधीच सांगा. खोक्यावर एमआरपी छापलेली असते, ती बिलाशी लावून बघता येते. कॅलिफोर्नियात तर जुना पार्ट परत मागण्याचा हक्क कायद्यातच लिहिलेला आहे. आपण तोंडानं मागायला काय हरकत?

घेताना डिपस्टिक बघा. पेट्रोल गाडीचं ताजं ऑइल मधासारखं दिसतं. डिझेल गाडीत मात्र रंगावर जाऊ नका; नवं ऑइलही थोड्याच वेळात काळं पडतं, त्यावरून मिस्त्रीला चोर ठरवणं अन्याय आहे. तिथे ऑइल फिल्टर बघा, नवा असेल तर लगेच कळतो. मॅन्युअलमध्ये ऑइल किती लिटर बसतं ते दिलेलं असतं. तिथे तीन आणि बिलात चार असेल तर चौथा लिटर कुठे गेला हे विचारा. एअर फिल्टर बहुतेक गाड्यांत क्लिपा उघडून हातानं बाहेर येतो. एसीचा फिल्टर पुष्कळ गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. व्हील अलाइनमेंट केली असेल तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची प्रिंट मशीन देतं, ती मागा. टायर पुढचे मागे केले असतील तर आधी टायरवर खडूनं केलेली खूण ते सांगेल.

एक गोष्ट मात्र करू नये. डॅशकॅम गुपचूप चालू ठेवून पोरांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, हे मला पटत नाही. कॅमेरा असेल तर सांगा. खुणा केल्या असतील तर त्याही सांगा. मी आता गाडी देतानाच सांगतो, ‘फिल्टरवर तारीख टाकलीय बरं का.’ माणसाला पकडण्यापेक्षा काम नीट करून घेण्यात मला रस आहे, आणि आधी सांगितलं की काम नीट होतं हा माझा अनुभव आहे.

आता थोडं आपल्या घरातलं. आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात, गल्लीत कुणी ना कुणी गॅरेज लाइनला आहे. दहावी झाली नाही झाली की पोरगं एखाद्या उस्तादच्या हाताखाली जातं, आधी पान्हे पुसतं, मग टायर खोलतं, पाच-सात वर्षांत स्वतःचं शटर टाकतं. अशा गॅरेजला गाडी देताना आपण बिल मागत नाही. ‘चाचांकडे काय बिल मागायचं? आपलाच माणूस आहे.’ आणि मग मनात शंका आली तरी विचारत नाही. चाचांना सोडून बाकी साऱ्या गावाला सांगतो. चहाच्या टपरीवर त्याचं रूपांतर ‘ह्या लोकांचं असंच असतं’ यात व्हायला वेळ लागत नाही. एका गॅरेजमधल्या एका कामाची शंका पूर्ण समाजाच्या नावावर चढते, आणि ती खोडून काढायला चाचांकडे कागदाचा एक चिटोराही नसतो. न विचारण्याला आपण अदब म्हणतो. मला वाटतं, तोंडावर विचारून उत्तर द्यायची संधी देणं ही जास्त मोठी अदब आहे.

गॅरेज चालवणाऱ्या भावांना माझं म्हणणं आहे की हे ग्राहकावर सोडू नका, तुम्हीच सुरू करा. जुना आणि नवा पार्ट शेजारी ठेवून फोटो काढा, व्हॉट्सॲपवर पाठवा. साधं छापील बिलबुक ठेवा, पार्ट आणि मजुरी वेगळी लिहा. जीएसटीची नोंदणी नसलेल्या छोट्या गॅरेजवाल्यानं जीएसटी लावायचा नसतो, पण साधी पावती द्यायला नोंदणी लागत नाही. ‘बिल हवं तर अठरा टक्के जास्त होतील’ हे उत्तर त्याच्या तोंडी शोभत नाही. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. शागिर्दाला तिथे पाठवता आलं तर पाठवा. तुमच्या हाताला हुनर आहेच, त्याला कागदाची जोड मिळेल.

हा कागद का लागतो, याचं मोठं कारणही आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजना अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं सहज मिळू नयेत अशी व्यवस्था त्यांनी केल्याचा तो ठपका होता. पुढे अपिलं झाली, पण मुद्दा उरतोच: छोट्या गॅरेजला बाजूला सारणारी ताकद मोठी आहे. ग्राहकाला ‘बाहेर भरवसा नाही’ एवढंच सांगून ती जिंकते. त्याला उत्तर द्यायचं तर आपल्या गॅरेजमधलं काम दाखवता आलं पाहिजे.

आणि बोलून भागलं नाही तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे सायखेड्याच्या माणसाला नाशिक पुरतं. महाराष्ट्रात हे सगळं नवं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आधी माणसं विचारायला लागली, कायदा मागून आला.

तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी द्याल, मग ते एसी वर्कशॉप असो की चाचांचं शटर, दोन गोष्टी मागा: पावती आणि जुना फिल्टर. चाचा हसतील, म्हणतील, ‘काय रे, आमच्यावर भरवसा नाही?’ त्यांना सांगा, ‘भरवसा आहे चाचा, म्हणून तर तुमच्याकडे आलो. पण उद्या कुणी विचारलं तर दाखवायला हातात काहीतरी असू दे.’