टॅबलेटला हवे संगणकाचे बळ, संगणकाचा वेश नव्हे

वाराणसीतील दूधविनायक हा मोहल्ला पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ओळखला जातो. अरुंद गल्ल्या, जुनी घरे, आणि त्या घरांत वेदपाठापासून बी.एस्सी.पर्यंतचा अभ्यास. समजा, अशाच एका घरातील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीला सरकारी योजनेतून टॅबलेट मिळाला आहे. प्रयोगातील निरीक्षणे तक्त्यात भरायची, त्यांचा आलेख काढायचा, तो अहवालात घालायचा आणि हे करताना संदर्भग्रंथाची पीडीएफ डोळ्यांसमोर ठेवायची, एवढेच तिचे काम आहे. पडदा दोन भागांत विभागता येतो. तिसऱ्या गोष्टीला जागा नाही. तक्त्यावरून ग्रंथाकडे परतावे, तर ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून उघडतो. आलेख जतन होतो, पण नेमका कोठे, हे शोधण्यात अर्धा तास जातो.

टॅबलेटच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये डेस्कटॉपसारख्या सोयी वाढवाव्यात का, या वादाकडे या खोलीतून पाहायला हवे. ज्याच्या टेबलावर लॅपटॉपही आहे, त्याच्यासाठी हा आवडीनिवडीचा प्रश्न ठरतो. ज्या घरात टॅबलेट हाच पहिला आणि एकमेव संगणक आहे, तेथे मात्र विद्यार्थ्याला काय करता येईल आणि काय नाही, हेच त्यावरून ठरते.

अशी घरे थोडी नाहीत. उत्तर प्रदेश सरकारने २५ डिसेंबर २०२१ रोजी लखनऊ येथे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ६०,००० स्मार्टफोन आणि ४०,००० टॅबलेट देऊन वाटपाचा आरंभ केला. महाराष्ट्रात ‘महाज्योती’ ही संस्था जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅबलेट आणि इंटरनेट डेटा पुरवते. सार्वजनिक पैशातून दिलेले हे साधन व्याख्याने पाहण्यापुरते असावे, की स्वतः काही घडवण्यासाठीही?

विरोधी बाजूचे म्हणणे पोकळ नाही. माउसचा बाण एका बिंदूवर नेमका टेकतो. बोटाला तेवढी नेमकी जागा साधत नाही. म्हणूनच गूगलच्या मार्गदर्शक सूचनांत स्पर्शाचे बटण सुमारे ९ मिलिमीटरचे असावे, असे सांगितले आहे. डेस्कटॉपवरील बारीक मेनू जसेच्या तसे टॅबलेटवर आणले, तर बोट नको तेथेच पडणार. दुसरे असे, की मोबाइल पद्धतीची प्रणाली मागे पडलेली अ‍ॅप थांबवते, म्हणून बॅटरी आणि मेमरी पुरते. तिसरे, प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र कप्पा दिलेला असल्यामुळे एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या फाइलींत सहज डोकावता येत नाही. या साधेपणामुळेच आजीपासून नातवापर्यंत सर्वांना टॅबलेट शिकवणीविना वापरता येतो.

डेस्कटॉप आणि टॅबलेट यांची सरमिसळ कशी फसते, याचे उदाहरणही समोर आहे. २०१२ च्या विंडोज ८ ने दोन्हींवर एकच रूप लादले आणि डेस्कटॉपवरील ओळखीचे स्टार्ट बटण काढून टाकले. पुढच्याच वर्षी ते परत आणावे लागले. त्याच काळातील सरफेस आरटी या टॅबलेटवर डेस्कटॉप तर दिसत असे, पण विंडोजचे जुने प्रोग्राम त्यावर चालत नसत. वेश संगणकाचा होता, बळ नव्हते. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यापायी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला.

मात्र या अनुभवावरून सोयीच नकोत, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ॲपलने २०२२ मध्ये आयपॅडवर खिडक्यांची नवी रचना आणली, तेव्हा ती केवळ एम१ चिपच्या महागड्या आयपॅडना पेलेल, असे सांगितले होते. टीकेनंतर ती काही जुन्या आयपॅड प्रो संचांनाही मिळाली. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये तर हव्या त्या आकाराच्या खिडक्या आणि मेनू बार या सोयी साध्या आयपॅडपर्यंत पोचल्या. यंत्राच्या मर्यादा खऱ्या असतात. पण मर्यादा कोठे संपते आणि विक्रीचे धोरण कोठे सुरू होते, हे विचारण्याचा हक्क वापरणाऱ्याला आहे. त्याच आवृत्तीत एक जुनी सुटसुटीत सोय काढल्याने वापरणारे नाराज झाले आणि ती लवकरच परत द्यावी लागली, हेही विसरू नये. नवे द्यावे, जुने हिसकावू नये.

स्वस्त टॅबलेटवर हे शक्य आहे का? याचे उत्तर पवईत शोधता येते. २०१२ मध्ये आलेल्या ‘आकाश २’ या टॅबलेटला ५१२ एमबी मेमरी आणि सात इंची पडदा होता. आजच्या साध्या फोनपुढेही तो दुबळा वाटेल. तरीही आयआयटी मुंबईतील चमूने त्यावर सी, सी++, पायथन आणि सायलॅब यांत प्रोग्राम लिहून चालवण्याची सोय तयार केली. आकाश प्रकल्पावर पुढे पुरवठ्यापासून दर्जापर्यंत बरीच टीका झाली, आणि त्यातील पुष्कळशी रास्तही होती. पण विद्यार्थ्याच्या हाती पाहण्याचे नव्हे, करण्याचे साधन द्यावे, ही त्यामागची दृष्टी आजच्या कितीतरी पटींनी सबळ टॅबलेटांच्या खरेदीत अभावानेच दिसते.

काशीच्या विद्यापरंपरेलाही ही गरज अनोळखी नाही. पोथीची पाने सुटी असतात. मूळ एकीकडे, टीका दुसरीकडे, दुसऱ्या प्रतीतील पाठ तिसरीकडे मांडूनच पंडित अर्थाचा निर्णय करतात. बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवणारे मराठी ज्योतिर्गणिती बापूदेव शास्त्री यांचा सूर्यसिद्धान्ताचा इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ श्लोक, गणित आणि अनुवाद यांचा मेळ एका वेळी एकच पान पाहून बसत नाही. अनेक गोष्टी शेजारी ठेवून ताडून पाहणे ही संगणकाने लावलेली चैन नव्हे. विचार करण्याची ती जुनीच रीत आहे.

म्हणून मागणी मोजकी आणि नेमकी असावी. फाइल कोठे आहे ते दिसावे, ती पेनड्राइव्हवर घेता यावी आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडता यावी. निदान तीन खिडक्या शेजारी राहाव्यात आणि परतल्यावर काम होते तेथेच सापडावे. कीबोर्ड जोडताच देवनागरी टंकलेखन सुरळीत चालावे. प्रोग्राम लिहून चालवण्याची जागा मूळ प्रणालीतच, पण इतर माहितीपासून सुरक्षित अंतरावर असावी. गूगलने २०२५ मध्ये पिक्सेल फोनांवर लिनक्स टर्मिनल देऊन ही वाट दाखवली आहे. आणि हे सारे एका कळीने चालू-बंद करता यावे, म्हणजे आजीचा साधा टॅबलेट साधाच राहील.

कंपन्या हे आपण होऊन स्वस्त संचांवर देतील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मोठा ग्राहक सरकार आहे. खरेदीच्या निविदेत मेमरी आणि पडद्याच्या इंचांबरोबर ‘विद्यार्थी यावर काय करू शकेल’ याचीही अट हवी. दूधविनायकातील त्या मुलीला लॅपटॉपची नक्कल नको आहे. प्रयोग तिने केला आहे. त्याचा अहवालही तिला त्याच टॅबलेटवर, कोणाच्या संगणकाची वाट न पाहता, पुरा करता यावा.