पिंग झाले म्हणजे समजले असे नव्हे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांत ‘पुढे काय?’ ही चर्चा सुरू होते. तीत नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राचा, विशेषतः सिस्को कंपनीच्या सीसीएनए परीक्षेचा विषय हमखास निघतो. ही वाट चांगली आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु तिची तयारी ज्या रीतीने होते, त्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

नॅट आणि राउटिंग हाच धडा घेऊ. आयपीव्ही-४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे ओळखून १९९४ साली पत्ता बदलण्याची ‘नॅट’ ही युक्ती मांडली गेली. १९९६ साली १९२.१६८ ने सुरू होणारा गट आणि आणखी दोन गट खासगी वापरासाठी निश्चित झाले. २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गटही वाटून संपले. तरी आपली घरे, शाळा, कचेऱ्या इंटरनेटवर आहेत, त्यात नॅटचा वाटा मोठा आहे.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. पोस्टमनला वाड्याचा पत्ता तेवढा ठाऊक. आत बिऱ्हाडे वीस. उत्तर कोणाचे, हे दारावरची वही सांगते. राउटरमधील नॅटचा तक्ता ही ती वही, आणि पोर्ट क्रमांक ही तिच्यातील नोंद. बाहेर जाण्याचा रस्ता दाखवणे हे मात्र निराळे काम. ते राउटिंगचे.

आता सरावात काय होते ते पाहा. तयार उत्तरांतून आज्ञा उतरवल्या जातात. पिंगला उत्तर आले नाही, की विद्यार्थी बाहेरच्या, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या जागी ठेवलेल्या राउटरवर आतल्या खासगी नेटवर्कचा रस्ता लिहून टाकतो. लगेच पिंग होते आणि धडा संपला असे वाटते. वास्तविक नॅट चाललेलेच नसते! खऱ्या इंटरनेटवर १९२.१६८ चा रस्ता कोणीही ठेवत नाही. तेथे हा विद्यार्थी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अडकेल, आणि त्याच्यामागे एखाद्या दवाखान्याचे किंवा बँकेचे काम खोळंबेल.

म्हणून आमचे म्हणणे असे, की पिंगवर गुण देऊ नयेत, कारण विचारावे. बाहेरच्या राउटरवर आतला रस्ता मुळीच लिहू नये आणि नॅटचा तक्ता उघडून नोंद दाखवावी. मग मुद्दाम बिघाड करावा. डीफॉल्ट रूट काढला तर तक्ता रिकामा राहतो; कारण आतून बाहेर जाताना राउटर आधी रस्ता शोधतो, नंतर पत्ता बदलतो. पूलमध्ये एकच पत्ता ठेवून ‘ओव्हरलोड’ हा शब्द गाळला तर पहिला संगणक बाहेर जातो, दुसरा अडकतो. असे दोन बिघाड ज्याने स्वतः शोधले, त्याला आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत.

याला वेळ लागतो आणि परीक्षेची तारीख जवळ असते, असे पालक म्हणतील. ते खरे आहे. परंतु परीक्षेच्या अभ्यासक्रमातही नॅट ‘कॉन्फिगर’ करण्याबरोबर ‘व्हेरिफाय’ करणे सांगितलेलेच आहे. तपासणी हा जादा अभ्यास नव्हे, तो अर्धा धडाच आहे. पी हळद अन् हो गोरी, असे येथे चालत नाही.

विश्वस्तांना विनंती एवढीच, की यासाठी महागडी यंत्रे घ्यावीत असा आमचा आग्रह नाही. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर नोंदणी करून विनामूल्य मिळते. शाळेचा संगणक कक्ष सायंकाळी दोन तास उघडा ठेवावा आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा बोलवावे. पालकांनी ‘पास कधी होणार?’ याआधी ‘आज काय बिघडले आणि कसे सापडले?’ असे विचारावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी पिंग यशस्वी झाले की लगेच उठू नका. एकदा तक्ता उघडून पाहा.