दोस्तांचा डाव आणि दुकानाचे भांडवल

या पानावर भाव, भांडवल, उधारी आणि नफा-तोटा यांची चर्चा होत असते. पत्त्यांच्या डावाचा विषय येथे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु गेल्या महिन्यात आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातील रोशनगेट भागातल्या एका तरुण कापड दुकानदाराने आम्हाला जो प्रश्न विचारला, तो निव्वळ हिशेबाचा होता. तो म्हणाला, "चाचा, आम्ही चौघे लहानपणचे दोस्त. दर शनिवारी रात्री बसतो. अड्डा नाही, अड्डेवाला नाही, कुणी लबाडी करत नाही. चौघांचा चान्स सारखा. मग दोन वर्षांत माझ्याच दुकानातला माल का कमी झाला?"

त्याला "जुगार हराम आहे" एवढे सांगून वाटेला लावता आले असते. ते त्याला माहीत होतेच. आम्ही त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. तोच हिशेब आज वाचकांपुढे मांडत आहोत. कारण असा शनिवार केवळ त्या चौघांचा नाही. कॅरमवर चहाची पैज लागते, लग्नघरी रात्र काढायला पत्ते निघतात, क्रिकेटच्या सामन्यावर शंभर-दोनशे लागतात. चहाच्या पैजेवर कॅरम आम्हीही तरुणपणी खेळलो आहोत, हे कबूल केले पाहिजे. दोस्तांतला हा खेळ कुणालाच जुगार वाटत नाही, आणि धोका तेथूनच सुरू होतो.

चान्स सारखा, म्हणजे किती?

तीन पत्तीचाच डाव घ्या. ५२ पानांतून तीन पानांचे एकूण २२,१०० वेगवेगळे हात पडू शकतात. त्यांपैकी तीन सारख्या पानांचे, म्हणजे ट्रेलचे हात अवघे ५२. म्हणजे सरासरी ४२५ डावांत एकदा. एका रात्री ४० डाव झाले, तर आठवड्याला एकदा बसणाऱ्याच्या हाती ट्रेल साधारण अडीच महिन्यांतून एकदा येणार. जोडीचे हात ३,७४४, म्हणजे शेकडा १७. आणि ज्यात जोडी नाही, रन नाही, कलर नाही, असे फुसके हात १६,४४०, म्हणजे शेकडा ७४. चारपैकी तीन वेळा हातात काहीच नसते. तरीही बूट लावावा लागतो, आणि ब्लाइंड खेळण्याची खुमखुमी असेल तर त्याहून जास्त.

हे गणित चौघांनाही सारखेच लागू आहे, हे त्या तरुणाचे म्हणणे बरोबर होते. पण चान्स सारखा असणे म्हणजे फायदा असणे नव्हे. चौघांनी प्रत्येकी ५०० रुपये आणले तर खोलीत २,००० रुपये असतात. रात्रभर पाने पिसली तरी २,००० चे २,००१ होत नाहीत. चहा, सिगारेट, गुटखा आणि पहाटेची नल्ली-निहारी यांवर २०० गेले, की उरतात १,८००. म्हणजे सरासरीने प्रत्येकजण ५० रुपये हरूनच उठतो. हाच डाव अड्ड्यावर झाला तर अड्डेवाल्याची नाल वेगळी. २०० रुपयांच्या प्रत्येक डावातून १० रुपये काढले, तर ४० डावांत ४०० रुपये त्याच्या पेटीत गेले. तो एकही पान न उचलता रोज जिंकतो.

मग लोकांना आपण जिंकतो असे का वाटते? कारण जिंकलेला दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहा पाजतो आणि चार जणांना सांगतो, तर हरलेला गुपचूप घरी जातो. जिंकणे तोंडी राहते, हरणे कुठल्याच वहीत चढत नाही. आम्ही त्या तरुणाला विचारले, "दुकानाची खातेवही ठेवतोस, या शनिवारची का नाही?" त्याच्याकडे उत्तर नव्हते.

लहान खिसा, मोठा खिसा

आता मुख्य मुद्दा. चौघांचा चान्स सारखा होता, पण चौघांचा खिसा सारखा नव्हता. एकजण वाळूज औद्योगिक वसाहतीत कायम नोकरीला, दुसरा मोंढ्यात आडत्या, तिसऱ्याच्या घरी दोन दुकानांचे भाडे येते. आमचा हा तरुण मात्र गल्ल्यातली रोकड घेऊन बसत असे.

गणितशास्त्राचा एक जुना, सिद्ध झालेला नियम आहे. दोघे अगदी बरोबरीचा डाव खेळत असतील आणि एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळत राहिले, तर ज्याचा एकूण रकमेत जितका हिस्सा, तितकीच त्याची सर्व जिंकण्याची शक्यता. एकाजवळ ५०० आणि दुसऱ्याजवळ ४,५०० असतील, तर पाचशेवाला सगळे जिंकण्याची शक्यता दहात एक, आणि सगळे गमावण्याची दहात नऊ. लबाडी नाही, नशीबही वाईट नाही. मोठा खिसा दहा वाईट डाव सोसून बसून राहतो, लहान खिशाला तितके सोसवत नाही, एवढेच कारण.

येथे कुणी म्हणेल, "हरलो की डाव दुप्पट करायचा, एकदा जिंकलो की सगळे वसूल." हा इलाज जगभरच्या जुगाऱ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचाही हिशेब सोपा आहे. दोघांच्या बरोबरीच्या डावात १०० पासून सुरुवात करून दुप्पट करत गेलो, तर लागोपाठ सात वेळा हरल्यावर १२,७०० रुपये जातात. असे १२८ मध्ये एकदा घडते. उरलेल्या १२७ वेळा फक्त शंभर-शंभर रुपये मिळतात. त्यांची बेरीज किती? बरोबर १२,७००. म्हणजे वर्षभर किरकोळ जिंकायचे आणि एका रात्री सर्व परत करायचे. फरक इतकाच, की ती रात्र घाऊक व्यापाऱ्याचे पैसे देण्याच्या आदल्या दिवशीही येऊ शकते.

आणि दुकानदाराचे दहा हजार व पगारदाराचे दहा हजार यांत फरक आहे. पगारदाराचे गेले तर पुढच्या पहिल्या तारखेला पगार येतो. दुकानदाराचे दहा हजार म्हणजे माल. तो माल महिन्याला एकदा फिरला आणि शेकडा दहा सुटले, तरी महिन्याला हजार रुपये होतात. म्हणजे त्या रात्री दहा हजार गेले, आणि त्यासोबत दर महिन्याचे हजारही गेले. पुढचा माल उधारीवर घ्यावा लागतो, रोखीचा भाव मिळत नाही, गिऱ्हाईकाला हवे ते फडताळात नसते. जिंकणाऱ्याच्या हाती मात्र ते दहा हजार भांडवल म्हणून पडत नाहीत. ते बहुधा मौजेत उडतात. एकाची कमाई मोडते आणि दुसऱ्याची होत नाही. तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

"व्यापारही जुगारच"

हे वाक्य आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. जोखीम दोन्हीकडे आहे, हे खरे. पण व्यापारात विकणाऱ्याला नफा मिळतो आणि घेणाऱ्याला कापड मिळते, दोघेही समाधानाने घरी जातात. पैजेत एकाच्या हाती जे येते ते दुसऱ्याच्या हातून गेलेले असते, नवे काही तयार होत नाही.

मटक्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भाव तारेने मुंबईला येत. ज्याला कापूस घ्यायचा-विकायचा होता, त्याला त्या भावाचा उपयोग होता. पण एक मोठा वर्ग कापसाचे बोंडही न पाहता उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावाच्या आकड्यावर पैसे लावू लागला. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले, तरी पैज थांबली नाही. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडा काढण्याची स्वतःची रीत सुरू केली. कापूस गेला, आकडा राहिला. व्यापार आणि जुगार यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कसा दाखवावा?

मटक्यात एका आकड्यावर लावले तर दहात एक शक्यता असते आणि साधारण नऊपट मिळतात. म्हणजे शंभर लावले तर सरासरीने ९० परत. तेच ९० पुन्हा लावले तर ८१. सात वेळा फिरवले की शंभराचे ४८ उरतात. दोस्तांच्या डावात निदान ही कपात नसते, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण आकड्याच्या टपरीची वाट पुष्कळदा दोस्तांच्या बैठकीतूनच जाते.

कायदा काय म्हणतो?

१८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने महाराष्ट्रात जुगाराचे अड्डे गुन्हा ठरवले आहेत. केवळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. के. सत्यनारायण खटल्यात (१९६८) सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, पण तीन पत्त्यांचा खेळ हा निव्वळ नशिबाचा असल्याचे त्याच निकालात म्हटले. मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांना संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने मनाई केली आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा.

व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे कलम मात्र १८७२ च्या करार कायद्यातील ३० वे. पैजेचा करार निरर्थक, आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी दावा करता येत नाही. म्हणजे कोर्टाच्या दारात या पैशाला किंमत नाही. ज्या व्यवहाराची पावती करता येत नाही, ज्याचा दावा लावता येत नाही, त्यात दुकानाचे भांडवल घालणे हे कुठल्या व्यापाऱ्याला शोभते?

दोस्तीचे काय?

कुरआनने सूरह अल-बकराच्या २१९ व्या आयतीत जुगारात लोकांना काही फायदे असल्याचे नाकारलेले नाही. त्याचा गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे, असे सांगितले आहे. सूरह अल-माइदाच्या ९० व ९१ व्या आयतींत त्यापासून दूर राहण्याचा हुकूम आहे, आणि त्याने आपसांत वैर व द्वेष वाढतो हे कारणही दिले आहे. आमच्या विषयाला सर्वांत जवळची आहे ती बुखारी व मुस्लिम यांनी नोंदवलेली हदीस. सोबत्याला नुसते "चल, डाव लावू" असे म्हणणाऱ्यानेही सदका द्यावा, असा तिचा आशय आहे. तिच्यात अड्ड्याचा उल्लेख नाही, सोबत्याचा आहे. दोस्तच दोस्ताला बोलावतो, म्हणून नकार देणे जड जाते.

त्या तरुणानेही शेवटी खरे दुखणे सांगितले. "पैशाचे एक राहू द्या, चाचा. आता आडत्या दोस्त दुकानावर आला की मला वाटते, माझा माल याच्या घरी आहे." हिशेबाच्या वहीत ही नोंद कुठे करायची?

तेच दोस्त, तेच पैसे

बसणे बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. दोस्तांनी बसावे. पण त्याच दोस्तांनी भिशी लावावी. दहा जणांनी महिन्याला २,००० टाकले तर दर महिन्याला २०,००० जमतात. चिठ्ठी निघते, त्यातही धडधड असते. परंतु येथे नशीब फक्त पाळी ठरवते, रक्कम नाही. दहा महिन्यांत प्रत्येकाने २०,००० भरले आणि २०,००० उचलले. आधी पाळी आलेल्याला ईदच्या किंवा लग्नसराईच्या मालासाठी बिनव्याजी भांडवल मिळाले, उशिरा आलेल्याची बचत झाली, हरले कुणीच नाही.

दोन पथ्ये पाळावीत. एक, बोली लावून रक्कम कमी करत उचलण्याची लिलावाची भिशी नको, त्यात व्याज शिरते. नंबर लागला की पुढचे हप्ते माफ, असल्या इनामी योजनांना तर १९७८ च्या कायद्याने बंदीच आहे. दोन, तोंडी कारभार नको. पहिली भिशी उचलून हप्ते थांबवणारा प्रत्येक मोहल्ल्यात सापडतो. म्हणून वही ठेवावी, सह्या घ्याव्यात, दोन साक्षीदार असावेत. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

त्या तरुणाने आमच्यासमोर दोन वर्षांचे शनिवार आठवून आठवून मांडले. बेरीज आम्ही येथे छापत नाही. एवढेच सांगतो, की ती पाहून त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "या शनिवारी हा कागद घेऊन जातो." पुढे काय झाले ते आम्हाला ठाऊक नाही. वाचकांपैकी ज्यांचा असा एखादा शनिवार असेल, त्यांनी निदान असा एक कागद करावा. हिशेब लिहायला लागला की माणूस खेळायला बसण्याआधी एकदा विचार करतो, हा आमचा अनुभव आहे.