मांजर : घरात की दाराबाहेर?

मांजर पाळावे की नाही, या प्रश्नाचा निर्णय बहुधा मांजरच करते. पावसाळ्यात जिन्याखाली एखादी मांजरी विते, तिचे एक पिल्लू उबेसाठी घरात शिरते, मुले त्याला नाव देतात आणि आठवडाभरात ते कुटुंबाचे होऊन जाते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. त्याला घरातच ठेवायचे, की बाहेर हिंडू द्यायचे?

पुष्कळ घरांत याचा विचारच होत नाही. बशीत दूध, त्यात कुस्करलेली पोळी आणि दार उघडे, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यात मांजराला मोकळीक मिळते, घरात सामिष काही येत नाही आणि मनालाही समाधान लाभते. परंतु हा जमाखर्च अपुरा आहे. त्याची खर्चाची बाजू घराच्या भिंतीबाहेर लिहिली जाते, म्हणून ती नजरेस पडत नाही एवढेच.

मांजर हा मुळातच मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचा घटक त्याला अत्यावश्यक असतो आणि निसर्गतः तो प्राणिज अन्नातूनच त्याला पुरेसा मिळतो. तो कमी पडल्यास दृष्टी जाते, हृदय दुर्बल होते. दूधपोळीतून ही गरज भागत नाही. शिवाय अनेक प्रौढ मांजरांना दूध नीट पचतही नाही. मग उरलेली भूक बाहेर भागवली जाते. पाल, सरडा, उंदीर, खारीचे पिल्लू, बुलबुल, शिंपी असे जे सापडेल ते. पोटभर खाऊ घातले तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण भूक आणि शिकारीची प्रेरणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तृप्त मांजरही हालचाल दिसताच झेप घेते. उन्हाळा व पावसाळा हा अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ. घरट्यातून नुकतेच उतरलेले पिल्लू काही दिवस जमिनीलगतच्या झुडपात वावरते; त्याला धड उडता येत नसते. मोकळ्या मांजरापुढे त्याचा निभाव लागणे कठीण.

हा विषय क्षुल्लक नाही, हे जगाने ओळखले आहे. अमेरिकेत मांजरांकडून दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारले जातात, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यांतील बहुतांश शिकार बेवारस मांजरांची होती; परंतु बेवारस मांजरांच्या संख्येत पाळीव मांजरांच्या सोडून दिलेल्या पिल्लांचीही भर पडत असते. जर्मनीतील वॉलडॉर्फ या गावात २०२२ साली तुरेवाल्या चंडोलाच्या रक्षणासाठी ऑगस्टअखेरपर्यंत मांजरे घरात ठेवण्याचा आदेश निघाला. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या आवारातच ठेवणे बंधनकारक आहे.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची कल्पना आपल्या परिचयाची. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तीही तपासली. घंटेमुळे शिकारीत लक्षणीय फरक पडला नाही. रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळल्याने मात्र घरी आणलेल्या शिकारीत सुमारे २५ टक्के घट दिसली.

बाहेरची मोकळीक मांजरालाही महाग पडते. वाहने, भटकी कुत्री, विष खाल्लेला उंदीर, भांडणातून जडणारे रोग, रेबीज, यांपैकी एकही संकट त्याला विचारून येत नाही.

तरीही एक आक्षेप गंभीर आहे. जिवाला कोंडणे ही हिंसा नव्हे काय? तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘बंध’ प्रथम येतो. मात्र त्याच अतिचारांत ‘अन्नपाननिरोध’ही आहे, आणि मांजराला त्याच्या प्रकृतीस न मानवणाऱ्या अन्नावर ठेवणारे घर त्याच्या फार दूर नसते. बंधाविषयी टीकाकारांनी सापेक्ष व निरपेक्ष असा भेद केला आहे. जनावर बांधणे भागच असेल तर गाठ सैल असावी, आग लागली तर ते सुटू शकले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी. म्हणजे कसोटी केवळ दोरीची नाही, बांधणाऱ्याच्या काळजीची आहे.

ही काळजी कृतीत उतरवता येते. खिडक्यांना व बाल्कनीला मजबूत जाळी, उंचावर बसण्याची जागा, नखे घासण्यासाठी सुतळी गुंडाळलेला खांब, स्वच्छ वाळूचे पात्र आणि नियमित खेळ, एवढे मिळाले तर मांजर घरात सुखाने राहते. लहानपणापासून घरात वाढलेल्याला बाहेरची ओढ सहसा कमी असते. हिंडण्याची सवय जडलेल्या मांजराला एकदम कोंडू नये. प्रथम पहाट, सायंकाळ व रात्र या शिकारीच्या वेळा घरात, मग हळूहळू पूर्ण दिवस. घरात राहणाऱ्या मांजरालाही लसीकरण आवश्यकच आहे. निर्बीजीकरणाविषयी काहींच्या मनात धार्मिक शंका असते. तो निर्णय विचारपूर्वक घ्यावा. पण निर्णय न घेता दरवर्षी पिल्ले रस्त्यावर सोडणे, हे त्या शंकेचे उत्तर होऊ शकत नाही.

अन्नाचा प्रश्न मात्र घरात ठेवल्याने टळत नाही. उलट तो समोर येऊन उभा राहतो. कृत्रिम टॉरीन घातलेली शाकाहारी खाद्ये काही कंपन्या तयार करतात; परंतु ती पशुवैद्यांच्या देखरेखीखाली व वेळोवेळी तपासणी करूनच द्यावीत. ती न मानवल्यास प्राणिज खाद्याला पर्याय राहत नाही. ज्या कुटुंबाला हे मुळीच शक्य नसेल, त्याने पिल्लू योग्य घरी सोपवावे. त्यात करुणेची उणीव नाही, आपल्या मर्यादेची प्रामाणिक जाणीव आहे.

दार उघडे ठेवले म्हणजे आपण निर्णय घेतलाच नाही, असे वाटते. वस्तुतः तो निर्णयच असतो. त्याचा भार तेवढा बुलबुलाच्या पिल्लावर पडतो. ज्या जिवाला आपण आश्रय दिला, त्याच्या पंजाने होणाऱ्या हिंसेचा विचारही त्या आश्रयाचाच भाग आहे.