उत्तर जुळले म्हणजे बरोबर आले?

वेळ संपल्याची घंटा होते, उत्तरपत्रिका गोळा केल्या जातात आणि विद्यार्थी परीक्षाकेंद्राबाहेर पडतात. भाषेचा किंवा इतिहासाचा पेपर असेल, तर 'बरा गेला', 'लांबलचक होता' अशा दोन-चार शब्दांवर चर्चा आटोपते. गणिताच्या पेपरानंतरचे चित्र मात्र निराळे असते. फाटकापाशी घोळके जमतात, प्रश्नपत्रिका उलगडल्या जातात आणि 'तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर किती आले?' या विचारणेने जणू दुसरी परीक्षा सुरू होते. ज्याचे उत्तर चारचौघांशी जुळते त्याचा चेहरा खुलतो. ज्याचे जुळत नाही त्याचा उतरतो. कोणी प्रश्नपत्रिकेच्या कडेला गुणांचे आकडे मांडून बेरीज करू लागतो आणि आठवड्यांनी लागणारा निकाल रस्त्यावरच लावून मोकळा होतो.

असे का घडते, हे समजून घेणे कठीण नाही. एकाच विषयावर दोघांनी लिहिलेले निबंध कधीच सारखे नसतात. म्हणून ते ताडून पाहण्याचा मोहही होत नाही. गणिताचे उत्तर बहुधा एका आकड्यात सामावते आणि आकड्याशेजारी आकडा ठेवणे सोपे असते. शिवाय, परीक्षेनंतरची अनिश्चितता मनाला सोसत नाही. जे हातून गेले त्याचा अंदाज तरी कळावा, अशी ओढ प्रत्येकालाच असते. तेव्हा उत्तरे ताडणाऱ्या विद्यार्थ्यांना हसण्याचे कारण नाही. परंतु या सवयीतून खरोखर काय हाती लागते आणि काय गमावले जाते, याचा विचार मात्र करायला हवा.

पहिली गोष्ट अशी की, उत्तर जुळणे आणि उत्तर बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहावीच्या वर्गसमीकरणांतील एक नेहमीच्या धाटणीचे उदाहरण घ्यावे. एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा 5 मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ 84 चौरस मीटर आहे. तर बागेची लांबी व रुंदी काढायची आहे. बाहेर आल्यावर एक विद्यार्थी म्हणतो, 'माझे उत्तर सात'. दुसरा म्हणतो, 'माझे तर बारा'. दोघेही चिंतेत पडतात. वास्तविक रुंदी 7 मीटर आणि लांबी 12 मीटर आहे. एकाने रुंदी सांगितली, दुसऱ्याने लांबी. दोघांचीही उत्तरे बरोबर असतात, केवळ प्रश्न बाजूला ठेवून आकडे ताडल्यामुळे ती चुकीची वाटतात. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचेही तसेच. त्रिज्या 7 सेंटिमीटर असताना पायची किंमत 22/7 धरली, तर उत्तर 154 चौरस सेंटिमीटर येते, 3.14 धरली, तर 153.86 येते. प्रश्नात पायची किंमत दिलेली नसेल, तर यांतील कोणत्याही उत्तराने घाबरून जाण्याचे कारण नाही.

याची दुसरी बाजूही आहे. दहा जणांचे उत्तर सारखे आले, म्हणून ते बरोबर ठरत नाही. 500 रुपयांच्या वस्तूची किंमत आधी शेकडा 20 ने वाढवली आणि मग वाढलेली किंमत शेकडा 20 ने कमी केली, तर शेवटची किंमत किती, असे विचारले की अनेक जण क्षणाचाही विलंब न लावता 'पूर्वीचीच' असे सांगतात. प्रत्यक्षात किंमत 600 रुपये होऊन मग 480 रुपयांवर येते, कारण दुसऱ्या वेळचे शेकडा 20 हे 600 वरचे असतात. जी चूक करणे सोपे असते, ती अनेकांच्या हातून एकदमच होते. अशा वेळी ज्याने नीट विचार करून 480 लिहिले तोच घोळक्यात एकटा पडतो आणि बरोबर असूनही खजील होऊन घरी जातो. गणितात बहुमताला स्थान नाही. घोळक्याचे मात्र सारे व्यवहार बहुमतावर चालतात.

दुसरा मुद्दा गुणांच्या अंदाजाचा. घोळक्यात जो हिशेब होतो, तो अखेरच्या उत्तराचा असतो. उत्तर जुळले तर पूर्ण गुण, नाही जुळले तर शून्य, असा तो सरळ मामला असतो. उत्तरपत्रिका तपासण्याची रीत अशी नाही. परीक्षकासमोर नमुना उत्तरे आणि गुणदानाची योजना असते आणि दीर्घ उदाहरणांत पायरीपायरीला गुण वाटलेले असतात. वरच्या बागेच्या उदाहरणात रुंदी चलात मांडणे, दिलेल्या माहितीवरून समीकरण तयार करणे, अवयव पाडून 7 आणि उणे 12 या दोन किमती काढणे, रुंदी ऋण असू शकत नाही हे नमूद करून दुसरी किंमत नाकारणे आणि अखेरीस एककासह उत्तर लिहिणे, अशा पायऱ्या आहेत. एखाद्याचा शेवटचा गुणाकार चुकला, तरी आधीच्या पायऱ्यांचे श्रेय त्याला मिळू शकते. उलट, ज्याने मधल्या पायऱ्या गाळून केवळ उत्तर लिहिले त्याचे उत्तर जुळूनही गुण कापले जाऊ शकतात. म्हणजे फाटकाशी रडणारा अनेकदा अकारण रडत असतो आणि हसणाराही कधी कधी अकारण हसत असतो.

तिसरा मुद्दा वेळेचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताचे दोन भाग असतात. पहिल्यात बीजगणित, दुसऱ्यात भूमिती. प्रत्येकी 40 गुणांचा लेखी पेपर. या दोन पेपरांच्या मध्ये फार दिवस नसतात. पहिल्या पेपरानंतर तासभर उत्तरे ताडण्यात जातो, संध्याकाळ हळहळण्यात आणि रात्र तळमळण्यात. जे 40 गुण हातून निघून गेले त्यांत या खटाटोपाने एकाचीही भर पडत नाही. जे 40 गुण अजून मिळवायचे आहेत त्यांना मात्र निश्चित धक्का बसतो. प्रमेये, रचना, त्रिकोणमिती यांची उजळणी करायच्या वेळी डोक्यात कालचेच समीकरण घोळत राहते. 'मन चिंती ते वैरीही न चिंती' ही म्हण अशाच प्रसंगातून आली असावी.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, उत्तरे ताडल्याशिवाय चूक कळणार कशी आणि चूक कळल्याशिवाय सुधारणा होणार कशी? आक्षेप योग्य आहे. चुकीपासून शिकणे हाच अभ्यासाचा गाभा आहे. परंतु घोळक्यात केवळ उत्तरांची देवघेव होते. उत्तर तसे का आले, याची चर्चा क्वचितच होते. 'तुझे चुकले' एवढे कळते, 'कोठे चुकले' हे कळत नाही. चूक कळणे आणि चुकल्याची भीती वाटणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्याने ज्ञान वाढते, दुसरीने केवळ हातपाय गळतात.

वास्तविक, शेजाऱ्याच्या उत्तराची गरज सर्वांत कमी कोणत्या विषयात असेल, तर ती गणितात. येथे उत्तराची परीक्षा स्वतःलाच घेता येते. समीकरण सोडवून मिळालेली किंमत मूळ समीकरणात घालून पाहावी. दोन्ही बाजू समान आल्या, की साक्षीदाराची आवश्यकता उरत नाही. 7 आणि 12 यांचा गुणाकार 84 येतो आणि त्यांच्यातील फरक 5 आहे, एवढे पाहिले की बागेच्या उदाहरणाचा निकाल लागला. भागाकार केला असेल, तर भाजक व भागाकार यांच्या गुणाकारात बाकी मिळवून पाहावी. ही दृष्टी जुनीच आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' या ग्रंथात व्यस्त विधी सांगितला आहे. शेवटच्या संख्येपासून सुरुवात करावी, बेरजेच्या जागी वजाबाकी, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ अशा उलट क्रिया करीत मूळ संख्येपर्यंत यावे, ही ती रीत होय. हातच्या कांकणाला आरसा कशाला, या म्हणीचा अर्थ गणिताच्या विद्यार्थ्याइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच अनुभवता येईल. पेपरातील शेवटची दहा मिनिटे अशा पडताळ्यासाठी राखून ठेवली, तर बाहेर आल्यावर दहा जणांना विचारण्याची वेळ येणार नाही.

ज्यांनी काही कारणाने शाळा सोडली आणि वर्षांनंतर पुन्हा पुस्तक हाती घेतले, त्यांच्यावर या सवयीचा परिणाम अधिक होतो. दिवसभर कारखान्यात काम करून रात्री अभ्यास करणारा कामगार किंवा मुलांची दप्तरे भरून झाल्यावर स्वतःची वही उघडणारी गृहिणी परीक्षेला बसते, तेव्हा आजूबाजूच्या तरुण मुलांची भराभर चाललेली चर्चा ऐकून तिचा धीर सुटतो. 'आपल्याला गणित जमायचे नाही', हा जुना समज पुन्हा डोके वर काढतो. काही जण तर पुढच्या पेपराला जाण्याचेच टाळतात. गुणांचे नुकसान भरून निघते; सोडून दिलेला प्रयत्न मात्र भरून निघणे कठीण असते. आणि हीच माणसे बाजारात वजनामापाचा हिशेब तोंडी करतात, भिशीचे हप्ते आणि कर्जाचे व्याज बिनचूक सांगतात, कापडाच्या तुकड्यातून कमीत कमी चिंधी उरेल असा बेत आखतात. गणित त्यांना परके नसते. परकी असते ती परीक्षेची भाषा, आणि भाषा सरावाने येते.

मुक्त शिक्षणाची रचनाच मुळी हे ओळखून केलेली आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नोंदणी पाच वर्षांपर्यंत टिकते, त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे श्रेय जमा राहते. महाराष्ट्र मंडळानेही 2015 पासून निकालानंतर थोड्याच अवधीत पुन्हा परीक्षा देण्याची सोय केली. निकालाबद्दल रास्त शंका असेल, तर तिचीही वाट मोकळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिलेल्या निर्णयानुसार, माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. शंकेला अशी रीतसर दारे आहेत. चिंतेला मात्र एकही दार नसते, ती नुसती घरभर फिरत राहते.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने गणिताच्या अध्यापनाचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ गटाने, बहुसंख्य मुलांच्या मनात या विषयाविषयी असलेली भीती आणि अपयशाची भावना ही पहिली अडचण म्हणून नोंदवली होती. ही भीती घरात आणि शेजारातही जोपासली जाते. पेपर देऊन आलेल्या मुलाला 'जेवलास का?' असे विचारण्याआधी 'किती पडतील?' असे विचारले जाते. नातेवाईकांचे फोन त्याच प्रश्नासाठी येतात. ज्या घरात गुणांचीच विचारपूस होते, त्या घरातले मूल फाटकाशी उभे राहून गुणच मोजणार. घरच्यांनी तो एक प्रश्न निकालापर्यंत पुढे ढकलला, तरी परीक्षेचा निम्मा ताण हलका होईल.

तेव्हा उत्तरे ताडूच नयेत असे नाही; ती योग्य वेळी आणि योग्य रीतीने ताडावीत. पेपर झाला की प्रश्नपत्रिका घडी घालून ठेवावी आणि पुढच्या विषयाकडे वळावे. शेवटचा पेपर संपल्यावर ती पुन्हा उघडावी, अडलेली उदाहरणे शांतपणे नव्याने सोडवावीत, पडताळा घ्यावा आणि तरीही उलगडा झाला नाही, तर शिक्षकाला किंवा सोबत्याला 'उत्तर किती?' असे न विचारता 'हे कसे करायचे?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने एका दिवसाचे समाधान किंवा दुःख मिळते. दुसऱ्या प्रश्नाने मिळालेली समज पुढच्या परीक्षेत, दुकानाच्या गल्ल्यावर आणि बँकेच्या खिडकीसमोरही उपयोगी पडते.